मोठ्या शिकारीसाठी रायफलचं कॅलिबर कसं निवडावं: सोलापुरातून टेक्सास किंवा आफ्रिकेला निघालेल्यांसाठी

सोलापूर जिल्ह्यात बसून मोठ्या शिकारीच्या रायफलीवर लिहायचं तर पहिली गोष्ट सरळ सांगून टाकतो: इथे शिकार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. नान्नजच्या माळावरचं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, माळढोक तर आहेच. ज्वारीत शिरणाऱ्या किंवा उसात लपणाऱ्या रानडुकराचं काय, असं प्रत्येक शेतकरी विचारतो. त्याचा रस्ता कलम ११ मधून जातो. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देईल तेव्हाच, आणि त्या परवानगीत लिहिलं असेल तेवढंच. घरात बंदुकीचा परवाना असणं आणि शिकारीचा परवाना असणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गावाकडे अजूनही पुष्कळांच्या डोक्यात त्या एकच असतात.

मग हा लेख कुणासाठी? आपल्याकडची मुलं ह्यूस्टन-डॅलसला स्थायिक झाली आहेत. तिथले शेजारी त्यांना रँचवर शिकारीला बोलावतात आणि मुलं इकडे फोन करून विचारतात, "काका, कुठली रायफल घेऊ?" काही जण हौसेने नामिबिया, दक्षिण आफ्रिकेला जातात, तिथे शिकार कायदेशीर आहे आणि रीतसर शुल्क भरून करता येते. तिसरा गट जुन्या घरांतला. आजोबांची .३१५ बोअरची रायफल भिंतीवर, अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय लहानपणी पाहिलेलं, आणि कॅलिबर, म्हणजे नळीच्या आणि गोळीच्या व्यासाचं माप, हा विषय चहाच्या टपरीवर तासभर पुरणारा. या तिघांना उपयोगी पडेल असं लिहितो.

आधी जनावर, मग गोळी, मग खांदा, शेवटी कॅलिबर

बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. आधी नाव आवडतं, "मॅग्नम" (जास्त दारूचं, वेगवान काडतूस) हा शब्द कानाला बरा लागतो, आणि मग त्या नावाला साजेसं जनावर शोधायला निघतात. तुम्ही जनावरापासून सुरुवात करा.

टेक्सासमध्ये आपलं काळवीट आहे, तिकडे नेऊन सोडलेलं. नर चाळीस किलोंच्या आसपास. त्याला .२४३ विंचेस्टर पुरते. तिथेच दक्षिणेला नीलगाय आहे, तीही आपल्याकडूनच गेलेली, आणि तिचा नर दोनशे किलोंच्या वर जातो. जाड कातडी, भक्कम खांदा, लागल्यावरही पळत राहण्याची चिवट सवय. तिथले जाणते शिकारी नीलगायीला .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या तोडीचं काहीतरी आणायला सांगतात ते उगाच नाही. एकाच रँचवरच्या या दोन जनावरांमध्ये पाच पट वजनाचा फरक आहे, हे बुकिंग करताना लक्षात ठेवा.

आफ्रिकेत उतरंड आणखी लांब आहे. स्प्रिंगबॉक पस्तीस-चाळीस किलो, इम्पालाचा नर पन्नास-साठ. कुडू, गेम्सबॉक, निळा विल्डबीस्ट हे दोनशे ते अडीचशेच्या घरात. झेब्रा तीनशेच्या आसपास. एलंड हे हरिणाच्या कुळातलं म्हणतात खरं, पण पूर्ण वाढलेला नर सहाशे ते नऊशे किलोंचा, म्हणजे आपल्या खिलार बैलाच्या पुढचं धूड. केप बफेलो सहाशे ते आठशे. त्यापुढे पाणघोडा आणि हत्ती.

आता त्या देशाचा कायदा बघा, कारण कित्येकदा निवड तिथेच निम्मी होऊन जाते. नामिबियात किमान ७ मिलिमीटर व्यास लागतो, आणि नळीच्या तोंडाशी किमान ऊर्जाही ठरलेली आहे: स्प्रिंगबॉकसारख्या लहान जनावरांना १३५० ज्यूल, कुडू-गेम्सबॉक-एलंड यांना २७००, बफेलो-हत्तीला ५४००. म्हणजे अमेरिकेत सध्या ज्याचं फार कौतुक चालतं ते ६.५ क्रीडमूर नामिबियात स्प्रिंगबॉकलाही चालत नाही. झिम्बाब्वेत वेगळे वर्ग आहेत. हत्ती, बफेलो, पाणघोड्याला किमान ९.२ मिलिमीटर आणि ५३०० ज्यूल, सिंह आणि एलंडला ७ मिलिमीटर आणि ४३००, बिबट्या, कुडू, झेब्रा वगैरेंना ७ मिलिमीटर आणि ३०००. हे आकडे आउटफिटरकडून, म्हणजे सफर घडवून आणणाऱ्याकडून, लेखी मागवा. तोंडी "चालतं हो" यावर तिकीट काढू नका.

नावांचा गोंधळ एकदाच मिटवून घ्या

काडतुसाचं नाव हे मोजमाप असतंच असं नाही. .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ स्प्रिंगफील्ड या दोघांतही .३०८ इंच व्यासाचीच गोळी जाते. .३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. .२७० विंचेस्टरची गोळी .२७७ इंचाची, .३०३ ब्रिटिशची .३११ च्या आसपास, .४०४ जेफरीची .४२३, .४५० नायट्रो एक्स्प्रेसची .४५८. जर्मन पद्धत सरळ आहे: ९.३×६२ म्हणजे गोळी सुमारे ९.३ मिलिमीटर, काडतुसाची पुंगळी ६२ मिलिमीटर लांब.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की दुकानात किंवा कॅम्पवर काडतूस मागताना नळीवर कोरलेलं पूर्ण नाव वाचून मागायचं. ".३०० द्या" असं म्हणालात तर .३०० विंचेस्टर मॅग्नम, .३०० हॉलंड अँड हॉलंड, .३०० वेदरबी यांपैकी काहीही हातात येऊ शकतं, आणि चुकीचं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसण्याच्या जागेत) जाणं हा जिवावरचा खेळ आहे.

आकडे: किती पाहायचे, किती सोडायचे

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. सात हजार ग्रेन म्हणजे एक पाउंड, आणि एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. वेग फूट प्रतिसेकंदात. ऊर्जेचं सूत्र शाळेतलंच आहे, वस्तुमानाचा अर्धा गुणिले वेगाचा वर्ग. .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी २७०० फूट प्रतिसेकंदाने निघते, म्हणजे ११.६६ ग्रॅम आणि ८२३ मीटर प्रतिसेकंद. हिशेब करा, सुमारे ३९५० ज्यूल येतात. कायद्याची अट तपासायला हे पुरतं.

पण या सूत्रात वेगाचा वर्ग आहे, त्यामुळे हलकी वेगवान गोळी कागदावर फार थोर दिसते. जनावराच्या खांद्याचं हाड त्या कागदाकडे बघत नाही. म्हणून दुसरा आकडा लागतो, सेक्शनल डेन्सिटी: गोळीचं पाउंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. हा आकडा जितका मोठा तितकी गोळी तिच्या जाडीच्या मानाने लांब आणि जड, आणि बनावट सारखी असेल तर तितकी खोल जाणारी. .३०-०६ च्या १८० ग्रेनला तो .२७१ येतो, .३७५ च्या ३०० ग्रेनला .३०५, .४१६ च्या ४०० ग्रेनला .३३०, .४५८ च्या ५०० ग्रेनला .३४०. बफेलो आणि त्यापुढच्या जनावरांना .३०० च्या वरची गोळी हवी, हा जुना ठोकताळा आहे आणि अजून तरी तो खोटा पडलेला नाही.

या दोन आकड्यांपलीकडे जाहिरातीत जे "नॉकडाउन" वगैरे गुणांक छापतात ते वाचा आणि सोडून द्या.

गोळीची बनावट: इथे वेळ घालवा

मला कुणी विचारलं की कॅलिबर आणि गोळी यांत जास्त महत्त्वाचं काय, तर मी डोळे मिटून गोळी म्हणेन. काडतुसांच्या डब्यांत पैसे वाचवणारे लोक रायफलीवर मात्र दुप्पट खर्च करतात, आणि जनावराला लागते ती डब्यातलीच वस्तू.

साधी सॉफ्ट पॉइंट म्हणजे शिशाचा गाभा, वरून तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण आणि नाकाशी शिसं उघडं. मध्यम वेगाला आणि शंभर किलोंपर्यंतच्या जनावराला ती उत्तम काम करते. तीच गोळी मॅग्नमच्या वेगाने जवळून विल्डबीस्टच्या खांद्यावर मारली तर आवरण आणि गाभा वेगळे होतात, गोळी वरवरच फुटते आणि जखमी जनावर काट्याच्या झुडपात शिरतं. वेग वाढला की गोळी मजबूत घ्यावी लागते, हा भाग मॅग्नम विकणारे सांगत नाहीत.

मजबूत गोळ्यांचे तीन घराणे आहेत. पहिलं, मध्ये पडदा असलेली. जॉन नोसलर या अमेरिकन शिकाऱ्याला कॅनडात एका मूसवर (तिकडचं प्रचंड हरीण) गोळ्या टाकताना त्या आत जात नसल्याचा अनुभव आला आणि त्याने १९४० च्या दशकात पार्टिशन ही गोळी बनवली. तिचा पुढचा भाग फुलतो, मागचा पडद्यामुळे शाबूत राहून आत घुसत जातो. दुसरं, बाँडेड: गाभा आणि आवरण एकमेकांना जोडलेले. तिसरं, संपूर्ण तांब्याची, शिसं नसलेली. हिचं वजन जवळजवळ पूर्ण टिकतं, म्हणून ती एक पायरी हलकी घेतली तरी चालते. पण तांबं हलकं असल्यामुळे तितक्याच वजनाची गोळी लांब होते, आणि जुन्या, सावकाश पिळाच्या (आतल्या चक्राकार खाचांचा वळसा लांब असलेल्या) नळीतून ती नीट स्थिरावत नाही. म्हणून त्याच रायफलीतून कागदावर मारून पाहिल्याशिवाय तांब्याच्या गोळ्यांचे डबे भरू नका.

सॉलिड म्हणजे न फुलणारी गोळी. तिचं काम हत्ती आणि पाणघोड्याचं, आणि बफेलोवर पहिल्या सॉफ्टनंतरच्या गोळ्यांचं. कळपातल्या बफेलोवर पहिलीच गोळी सॉलिड मारली तर ती आरपार जाऊन मागच्याला लागते, म्हणून तिथले गाइड पहिली सॉफ्ट भरायला लावतात. लष्करी पूर्ण आवरणाची गोळी आणि शिकारीची सॉलिड एक नव्हे. लष्करी गोळी शिकारीला वापरायचीच नाही, अमेरिकेतल्या पुष्कळ राज्यांत ती हरणासाठी बेकायदाही आहे. नेमबाजीच्या मॅच गोळ्याही कागदासाठीच ठेवा.

मध्यम कॅलिबर: नव्वद टक्के काम इथेच होतं

इम्पालापासून झेब्र्यापर्यंतचं सगळं .३०८ (१९५२ पासूनचं) किंवा .३०-०६ मध्ये, चांगल्या १६५ ते १८० ग्रेनच्या गोळीने होतं. .३०८ सुमारे ३७०० ज्यूल, .३०-०६ सुमारे ३९५०. दीडशे मीटरवरच्या कुडूला हा फरक कळणार नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी या दोघांखेरीज तिसरं नाव सांगत नाही. दोन्हींची काडतुसं जगात कुठेही मिळतात, आणि प्रवासात तुमची बॅग चुकून दोहात राहिली तर हीच गोष्ट उपयोगाला येते.

.२७० विंचेस्टर (१९२५) सपाट जातं, टेक्सासच्या मोकळ्या रानात काळवीट-पांढऱ्या शेपटीच्या हरणाला झकास, पण नीलगाय आणि एलंडसमोर मला ते तोकडं वाटतं. ७×५७ मॉझर, ज्याला इंग्रज .२७५ रिग्बी म्हणत, हे धक्क्याला फार सौम्य. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या वाघिणीनंतर १९०७ मध्ये जी रायफल भेट मिळाली ती याच कॅलिबरची. आणि डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, त्यांतले पुष्कळ याच बारीक गोळीने. हे उदाहरण हमखास पुढे केलं जातं. बेल लांब सॉलिड गोळ्या वापरत असे, हत्तीच्या कवटीची रचना त्याला पाठ होती, आणि तो गर्दी नसलेल्या कळपांत सावकाश जवळ जात असे. सुट्टी काढून आठवडाभर आलेल्या माणसाने त्याचा दाखला देऊ नये. शिवाय बहुतेक ठिकाणी आज कायदाच तसं करू देणार नाही.

.३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३) सुमारे ४७०० ज्यूल देतं. नीलगाय, एलंड, लांबचा गेम्सबॉक यांना ते योग्य आहे, पण धक्का आणि आवाज .३०-०६ पेक्षा ठळक जास्त. .३३८ विंचेस्टर मॅग्नम (१९५८) त्याच्याही वर, २५० ग्रेनच्या गोळीने ५३०० ज्यूलच्या आसपास. अलास्काच्या मोठ्या अस्वलांसाठी ते नावाजलं आहे. आपल्या वाचकाला त्याची गरज क्वचितच पडेल.

आता माझा पक्षपात सांगतो: ९.३×६२. बर्लिनच्या ओटो बॉक या बंदूककाराने १९०५ च्या सुमारास आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतदारांसाठी हे काढलं. साध्या मॉझर ९८ च्या यंत्रणेत बसणारं, स्वस्त आणि भरवशाचं. २८६ ग्रेनची गोळी २३६० फुटांनी, सेक्शनल डेन्सिटी .३०५, म्हणजे .३७५ इतकीच, आणि धक्का मात्र लोटल्यासारखा येतो, फटक्यासारखा नाही. एलंडला याच्याइतकं समाधानकारक मध्यम कॅलिबर मला दुसरं दिसत नाही. अडचण एकच. नेहमीच्या भाराने ते सुमारे ४८०० ज्यूलवर थांबतं, म्हणून नामिबियात बफेलोला चालणार नाही.

मोठं कॅलिबर: .३७५ आणि त्यापुढे

हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम १९१२ मध्ये आणलं. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी मोठ्या कॅलिबरची गोष्ट तिथूनच सुरू करावी लागते. ३०० ग्रेनची गोळी अडीच हजार फुटांच्या थोडी वर, सुमारे ५७०० ज्यूल. आफ्रिकेत अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी किमान म्हणून हेच धरलं जातं. गंमत अशी की दोनशे मीटरपर्यंत त्याचा मार्ग .३०-०६ च्या जड गोळीशी बराच जुळतो, म्हणून सकाळी बफेलोच्या मागावर असताना वाटेत कुडू दिसला तर तीच रायफल चालते. बफेलो आणि इतर जनावरं एकाच सफरीत असतील तर एकच रायफल, .३७५, आणि विषय संपला.

.४१६ रिग्बी १९११ चं. ४०० ग्रेन, २४०० फूट, सुमारे ६९०० ज्यूल. त्याची पुंगळी एवढी मोठी का, याचं उत्तर सोलापूरकराला लवकर कळावं. त्या काळात कॉर्डाइट ही बंदुकीची दारू वापरत, आणि उष्णता वाढली की तिचा दाब चढत जाई. इंग्लंडच्या थंडीत ठीक वाटलेलं काडतूस भारताच्या किंवा आफ्रिकेच्या उन्हात पुंगळी चेंबरमध्ये अडकवून ठेवी. म्हणून मोकळी, कमी दाबाची पुंगळी. आजची दारू बरीच सुधारली आहे, तरी उष्णतेचा परिणाम शून्य झालेला नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडे काच बंद गाडी काय तापते ते माहीत आहे. काडतुसं डॅशबोर्डवर ठेवायची नाहीत, तिकडेही नाहीत.

.४५८ विंचेस्टर मॅग्नम (१९५६), .४५८ लॉट, .४०४ जेफरी, आणि दुनळी रायफलींचं .४७० नायट्रो एक्स्प्रेस ही सगळी त्या पुढची मंडळी. .४७० च्या जन्मामागे आपल्या देशाचा हात आहे. ब्रिटिश सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली. भीती ही की त्या गोळ्या बंडखोरांच्या हातच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरल्या जातील. मग लंडनच्या बंदूककारांनी .४५० सोडून .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापं काढली, कारण वाघ-हत्तीचे हौशी गिऱ्हाईक इथे होते.

ही कॅलिबरं हत्तीसाठी आणि गाइडच्या खांद्यासाठी आहेत. गाइड .४५८ किंवा .४७० घेऊन तुमच्या शेजारी उभा असतो तो बिघडलेलं काम आटोक्यात आणायला. तुमचं काम पहिली गोळी जागेवर टाकण्याचं आहे, आणि ते .३७५ ने जास्त लोकांना जमतं.

भिंतीवरच्या .३१५ चं काय?

.३०३ सारखी लष्करी कॅलिबरं सामान्य परवानाधारकाला मिळत नसत आणि अजूनही मिळत नाहीत, म्हणून .३१५ आली. मूळ ऑस्ट्रियाच्या ८×५० मॅनलिखर काडतुसाचं हे रूप. २४४ ग्रेनची जड, गोल नाकाची, संथ गोळी. काडतुसं खडकीच्या कारखान्याची. जंगलात जवळून मारायला जुन्या लोकांनी ती वापरली आणि तिला दोष द्यावा असं काही नाही. पण ती परदेशी न्यायचा विचार करू नका. तिकडे काडतूस मिळणार नाही, गोळ्यांचे पर्याय नाहीत, आणि कागदपत्रांचा खटाटोप एका सफरीसाठी परवडणारा नाही. परवान्याचं नूतनीकरण वेळेवर करा, नळीला तेल द्या, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात हे घरातल्या थोरांना सांगा.

खांदा खरं बोलतो

साधारण सारख्या वजनाच्या रायफलीत .३०-०६ च्या धक्क्याला एक धरलं तर .३७५ चा जवळजवळ दोन, .४५८ चा तीन. माणूस धक्क्याला घाबरतो तेव्हा चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि खांदा पुढे ढकलतो. गोळी खाली आणि बाजूला जाते. स्वतःला ते कळत नाही, कारण त्याच क्षणी बार होतो. तपासायचं कसं? मित्राला सांगा, मॅगझिनमध्ये मधूनच एक डमी काडतूस टाक. डमीवर चाप ओढताना नळी हलली की उत्तर मिळालं.

सराव इथूनच सुरू करता येतो. पुण्याच्या बालेवाडीला किंवा जवळच्या रायफल क्लबात .२२ आणि १० मीटर एअर रायफल. त्यात चाप हळू दाबणं, श्वास आणि बार झाल्यावरही नेम धरून ठेवणं शिकायला मिळतं, आणि धक्का नसल्यामुळे वाईट सवय लागत नाही. पण क्लबात आपण टेबलावर किंवा पट्टा बांधून मारतो. आफ्रिकेत जवळजवळ प्रत्येक गोळी तीन पायांच्या शूटिंग स्टिक्सवरून, उभ्याने मारली जाते. तीन बांबूंना वर दोरी बांधून घरीच स्टिक्स करा. रिकाम्या एअर रायफलीने भिंतीवरच्या ठिपक्यावर रोज नेम धरा, आधी स्टिक्स लावून मग रायफल ठेवायची सवय करा. हे फुकट आहे आणि याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही.

रायफल जड असेल तर धक्का कमी. .३७५ नऊ पाउंडांच्या खाली घेऊ नका. दस्ता तुमच्या हाताच्या लांबीचा हवा, आणि मागे जाड रबरी पॅड. मझल ब्रेकने (नळीच्या तोंडाला बसवलेलं छिद्रांचं नळकांडं) धक्का खूप कमी होतो, पण आवाज बाजूंना फेकला जातो आणि शेजारी उभ्या ट्रॅकरचे कान जातात. बरेच गाइड ब्रेक बघितला की नाक मुरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

आउटफिटरच्या रॅकसमोर

सोलापुरातून निघणारा बहुतेक माणूस स्वतःची रायफल नेणारच नाही, कॅम्पवरची भाड्याने घेईल. मला तरी हाच शहाणपणाचा मार्ग वाटतो. दक्षिण आफ्रिकेत स्वतःचं हत्यार न्यायचं तर जोहान्सबर्ग विमानतळावर पोलिसांचा एसएपीएस ५२० हा अर्ज, मूळ कागद, नंबर तपासणी असा सगळा सोहळा असतो.

निघण्याआधी ईमेलने विचारा: कुठली कॅलिबरं आहेत, गोळी कुठल्या बनावटीची आणि किती ग्रेनची, स्कोप (नेमाची दुर्बीण) कुठला, डावखुऱ्यासाठी बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा दांडा) आहे का. पोचल्यावर पहिल्याच दुपारी रेंजवर जा. रायफल उचलून डोळे मिटा, खांद्याला लावा, मग उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर दस्ता जमला, काळी चंद्रकोर दिसली तर नाही. मोठ्या कॅलिबरवर डोळा आणि स्कोप यांत किमान साडेतीन इंच अंतर ठेवा, नाहीतर भुवईवर टाके पडतात. बफेलोला १ ते ६ किंवा दीड ते पाच पटीचा स्कोप पुरे, कारण ती गोळी बहुधा ऐंशी मीटरच्या आत मारायची असते.

मॅगझिन भरून सगळी काडतुसं बोल्टने एकेक करून चेंबरमधून काढून बघा. जी रायफल इथे अडते ती झुडपात नक्की अडेल. धोकादायक जनावरासाठी मॉझर पद्धतीचा रुंद पंजा असलेला बोल्ट मागा. मॅगझिनमधून वर येतानाच तो काडतूस पकडतो, त्यामुळे घाईत अर्धवट ओढलं तरी दुसरं काडतूस त्यावर चढत नाही. सेफ्टी कुठल्या बाजूला सरकते ते डोळे मिटून दहा-वीस वेळा करा. मग कागदावर तीन गोळ्या, टेबलावरून, आणि तीन स्टिक्सवरून. टेबलावरच्या मुठीएवढ्या गटापेक्षा स्टिक्सवरचा गट बघा. तो बशीत बसेनासा होतो ते अंतर म्हणजे या सफरीतली तुमची मर्यादा, मग गाइड काही म्हणो.

गोळी कुठे टाकायची हे कॅम्पवरच्या चित्रांत बघून घ्या. आफ्रिकन जनावरांचं हृदय-फुप्फुस आपण समजतो त्यापेक्षा पुढे आणि खाली असतं. पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. अमेरिकेत शिकलेले लोक सवयीने खांद्याच्या मागे मारतात आणि मग दिवसभर रक्ताचा माग काढत फिरतात. बार झाला की कौतुक बघत उभं राहू नका. बोल्ट लगेच ओढा, दुसरी गोळी तयार ठेवा, आणि गाइड म्हणेल तोवर मारत राहा.

परतीच्या आदल्या रात्री जॅकेट, पॅंट आणि पाठीवरच्या बॅगेचा प्रत्येक खिसा उलटा करून झटका. एखादं जिवंत काडतूस अस्तरात अडकून राहतं, आणि मुंबईच्या विमानतळावर ते स्कॅनरमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. रिकामी पुंगळी आठवण म्हणून आणायची इच्छा होते, तीसुद्धा कॅम्पवरच ठेवून या. आणि शिंगं-कातडी आणण्याचं नाव काढण्याआधी वनखातं, सीमाशुल्क आणि साइटिस (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) बघणारं कार्यालय या तिघांकडे लेखी चौकशी करा, नाहीतर फोटोवर भागवा.